‘बाबा थोडे तापट आहेत’

घरी रुग्ण सांभाळायला माणूस हवे म्हणून नर्सिंग ब्युरोला फोन केला जातो, तेव्हा पलीकडून ठरलेले प्रश्न येतात. रुग्णाचे वय किती, वजन किती, लघवीची नळी आहे का, जेवण तोंडाने की नाकातल्या नळीने, ड्यूटी बारा तासांची की चोवीस. उत्तरे भराभर दिली जातात. शेवटी मुलगा किंवा सून जाता जाता सांगून टाकते, ‘बाबा थोडे तापट आहेत, बाकी काही त्रास नाही.’

या ‘थोडे’मध्ये बरेच काही दडलेले असू शकते. आधीच्या सिस्टरच्या दिशेने भिरकावलेला पाण्याचा तांब्या, डायपर बदलताना पिरगळलेले मनगट, मध्यरात्री शांत आवाजात उच्चारलेले ‘झोपलीस की गळाच दाबतो’. ती सिस्टर सकाळी पिशवी उचलून निघून जाते. ब्युरो संध्याकाळपर्यंत बदली पाठवतो. बदली आलेल्या मुलीला इन्शुलिन किती युनिट आणि कोणत्या वेळी, हे लिहून दिलेले असते. तांब्याबद्दल तिला कोणीच सांगत नाही. घरच्यांना वाटते, ही पण पळेल. ब्युरोला वाटते, घर हातचे जाईल. आणि निघून गेलेल्या सिस्टरला कोणी काही विचारलेलेच नसते.

डॉक्टर आणि परिचारिकांवरच्या हल्ल्यांची चर्चा होते ती बहुतेक वेळा रुग्णालयाच्या आवाराची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली १९७३ सालची अरुणा शानभाग यांच्यावरील हल्ल्याची घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले आणि देशभर सीसीटीव्ही, सुरक्षा रक्षक, विश्रांतीच्या खोल्या यांवर बोलले गेले. हे सगळे हवेच. पण ठाण्यात किंवा पिंपरीत सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्रभर एकट्या रुग्णाजवळ बसणाऱ्या सिस्टरला त्यातले काय मिळते?

वॉर्डात आवाज चढला की दुसरी सिस्टर, मामा, मावशी, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा नातेवाईक असे चार जण धावतात. घरात दार आतून बंद असते, त्याबाहेर आणखी जाळीचे दार असते. टीव्ही चालू असतो. मुलगा कामावर, सून बँकेत. शेजारी भांडणाचा आवाज ऐकतात आणि ‘घरचा मामला’ म्हणून स्वतःचे दार लावून घेतात. ओट्यावर विळी आणि सुरी, कपाटात कदाचित निवृत्त फौजदाराची किंवा जवानाची परवान्याची बंदूक. कोणती कडी अडकते, कोणती बाल्कनी बाहेरून बंद होते, हे रुग्णाला चाळीस वर्षे ठाऊक असते आणि सिस्टरला कालपासून.

शिवाय ‘सिस्टर’ या एका हाकेत अनेक जणी येतात. काही एएनएम किंवा जीएनएम झालेल्या, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या. काही जणी चार-सहा महिन्यांचा वर्ग करून आलेल्या, काही निव्वळ हाताखाली शिकलेल्या. अनेक जणी मराठवाडा-विदर्भातून, कोकणातून किंवा केरळमधून आलेल्या, चार-पाच जणींच्या खोलीत राहणाऱ्या. हजेरीवर पैसे. ड्यूटी अर्धवट सोडली तर त्या दिवसाचे कापले जातात. घाबरलेली मुलगी उंबरठ्यावर उभी राहून आधी हाच हिशेब करते. सुरक्षिततेविषयी कितीही भाषणे दिली तरी हा हिशेब बदलल्याशिवाय ती बाहेर पडणार नाही, हे व्यवस्थापकांनी नीट समजून घ्यावे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात २८ ऑक्टोबर २०२३ रोजी जे घडले ते या संदर्भात वाचण्यासारखे आहे. विलिमँटिक या गावी ६३ वर्षांची एक अनुभवी परिचारिका, तुरुंगातून सुटलेल्यांसाठी चालवलेल्या एका निवासात एका रुग्णाला औषध द्यायला गेली. नंतरच्या भेटींना ती पोहोचलीच नाही. घरच्यांनी शोध सुरू केला, पोलिसांना कळवले, आणि त्याच इमारतीच्या तळघरात तिचा मृतदेह सापडला. ज्याला औषध द्यायला ती गेली होती त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. त्याला पूर्वी गंभीर हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. म्हणजे धोका कुणालाच माहीत नव्हता, अशी स्थिती नव्हती.

त्यानंतर तिथल्या केंद्रीय कामगार-सुरक्षा यंत्रणेने तपास केला आणि नोकरी देणाऱ्या संस्थेला जबाबदार धरले. भेटीपूर्वी रुग्णाची पूर्ण पार्श्वभूमी कर्मचाऱ्याला देणे, संकटात दाबायचे बटण पुरवणे आणि विशिष्ट रुग्णांकडे सोबत माणूस पाठवण्याची पद्धत ठरवणे, हे उपाय तिने सांगितले. २०२४ मध्ये राज्याने कायदाही केला. रुग्ण दाखल करून घेताना हिंसेचा पूर्वेतिहास, व्यसन, घरात राहणारी इतर माणसे, परिसराची सुरक्षितता यांची माहिती गृहसेवा संस्थेने गोळा करायची आणि जी परिचारिका प्रत्यक्ष जाणार तिला द्यायची. त्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मोलाची आहे. रुग्णाने माहिती दिली नाही, किंवा दिलेली माहिती अडचणीची निघाली, एवढ्याच कारणाने त्याला सेवा नाकारायची नाही. माहिती हवी ती जपून जाता यावे म्हणून. न जाण्यासाठी नव्हे.

आता धमकीकडे डॉक्टरी नजरेने पाहू. ‘मारून टाकीन’ हे शब्द तेच असतात, पण त्यांच्यामागचा मेंदू दर वेळी तोच नसतो.

समजा, ७८ वर्षांचे शांत गृहस्थ. आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नाही. मंगळवारी संध्याकाळपासून अचानक सिस्टरला ‘चोर’ म्हणू लागले, काठी उगारली, सकाळी पुन्हा बरे, रात्री पुन्हा तेच. हा स्वभाव नाही, हा डिलिरियम आहे. काही तासांत किंवा दिवसांत सुरू होणे, दिवसभरात कमी-जास्त होणे आणि लक्ष एका जागी न टिकणे, या त्याच्या खुणा. कारणे अगदी साधी असू शकतात: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातले सोडियम उतरणे (रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी हे नेहमी होते), साखर उतरणे, नवी झोपेची गोळी, पाच दिवसांची बद्धकोष्ठता, किंवा गुठळीने बंद झालेला कॅथेटर आणि तुडुंब भरलेले मूत्राशय. बोलता न येणारा माणूस त्या कळेने हात चालवतो. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडलेला आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारा रुग्ण असेल, तर कवटीच्या आत हळूहळू साठणारे रक्तही असू शकते. अशा वेळी सिस्टरची तक्रार ही खरे म्हणजे रुग्णाची तक्रार असते. ‘बाबांनी मारले’ हे वाक्य डॉक्टरपर्यंत पोहोचले नाही, तर बाबांचा उपचारही चुकतो.

दुसरे चित्र दारूचे. खुब्याचे हाड मोडून खाटेला खिळलेला माणूस. रोजची दारू एकाएकी बंद झालेली. घरच्यांनी लाजेने डॉक्टरांना सांगितलेले नाही. दोन ते चार दिवसांत हातापायांना कंप, घाम, चादरीवर किडे-मुंग्या दिसणे आणि जो जवळ येईल त्याला ढकलणे. हे घरी सांभाळायचे दुखणे नाही, त्यात जीव जाऊ शकतो, रुग्णालयच हवे.

स्मृतिभ्रंशात फटके पडतात ते बरेचदा अंघोळ घालताना, कपडे काढताना, डायपर बदलताना. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर एक अनोळखी बाई न विचारता अंगाला हात लावते आहे. इथे कौशल्याने पुष्कळ टळते. समोरून यावे, नजरेच्या उंचीवर यावे, पुढे काय करणार ते एका वाक्यात सांगावे, अंगावर टॉवेल ठेवावा, हात झटकला तर थांबावे आणि वीस मिनिटांनी पुन्हा यावे. ‘आत्ताच्या आत्ता’ हा आग्रह घरच्यांचा असतो, रुग्णाचा नसतो.

संशयाचा गंभीर मानसिक आजार याहून वेगळा. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता अधिक असते. पण ‘ही बाई माझ्या जेवणात विष घालते’ असा संशय एका ठरावीक सिस्टरवर पक्का बसला असेल, किंवा कानात आवाज येऊन आज्ञा देत असतील, तर ती परिस्थिती गोड बोलून निभावण्याची नाही. त्या सिस्टरने त्या खोलीत जाऊ नये.

आणि एक प्रकार असा की ज्यात आजाराचा काही संबंध नसतो. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, सिस्टर एकटी आहे हे त्याला कळते, तो मुद्दाम घाणेरडे बोलतो, हात धरतो, तक्रार केलीस तर बघून घेईन म्हणतो. कधी हा रुग्ण असतो, कधी रुग्णाचा भाऊ किंवा जावई. ‘आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला इथे सर्रास दिला जातो, आणि देणाऱ्यांत डॉक्टरही असतात. आजारामुळे वागण्याचे कारण समजते. त्याने चाकूची धार कमी होत नाही. आणि जिथे आजारच नाही तिथे तर ही सबब निव्वळ पळवाट आहे.

मग कोणती धमकी किती गंभीर? नॉर्वेतल्या मनोरुग्णालयात तयार झालेली ब्रोसेट नावाची एक छोटी यादी जगभर वापरली जाते. सहा गोष्टी पाहायच्या: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा आणि धसमुसळेपणा, तोंडी धमकी, अंगावर येण्याचा आविर्भाव, आणि वस्तूंवर काढलेला राग. प्रत्येकीला एक गुण. तीन किंवा अधिक झाले तर पुढच्या चोवीस तासांत हल्ल्याचा धोका मोठा मानायचा. यादी वॉर्डासाठी बनवलेली आहे, घरासाठी नव्हे. पण ‘कसंतरी वाटतंय’ या सिस्टरच्या भावनेला ती शब्द देते, आणि फोनवर ‘चार गुण आहेत’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला टाळाटाळ करता येत नाही. याखेरीज दोन प्रश्न विचारावेत. पूर्वी कुणाला मारले आहे का? भविष्यातल्या हिंसेची याहून भरवशाची खूण क्वचितच सापडते. आणि धमकी मोघम आहे की नेमकी? ‘सगळ्यांना बघून घेईन’ वेगळे. ‘रात्री सिलिंडरचा पाना डोक्यात घालीन’ आणि पाना उशाशी, हे वेगळे.

प्रत्यक्ष वेळ आली तर वाद घालू नये, खोटे वचन देऊ नये, पाठ फिरवू नये. दोन हातांचे अंतर, दोन्ही हात दिसतील असे, आवाज खाली, वाक्य लहान. सिस्टर आणि दार यांच्यामध्ये रुग्ण नसावा. खोलीत शिरल्यापासूनच खुर्ची त्या हिशेबाने मांडावी. एकटीने धरण्याचा प्रयत्न करू नये. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत लपू नये, तिथून पुढे वाट नसते. पर्स, डबा, स्वेटर राहू द्यावे. मोबाइल चार्जिंगला नव्हे, खिशात. गळ्यात ओळखपत्राची पक्की दोरी नको, ओढणी गळ्याभोवती नको, कात्री वरच्या खिशात नको. फुटलेले अँप्यूल आणि सुया लगेच डब्यात.

बाहेर पडणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे. जिन्यात उभे राहून घरच्यांना, ब्युरोला आणि डॉक्टरांना फोन करावा. हल्ला होत असेल तर आधी ११२. रुग्ण ऑक्सिजनवर किंवा खाटेवर असेल तर दुसरे माणूस येईपर्यंत शक्य तितक्या जवळ, पण दाराबाहेर थांबावे.

घरचे लोक अशा प्रसंगानंतर दोन उपाय सुचवतात, आणि दोन्ही वाईट. एक, हात साडीच्या पदराने खाटेला बांधणे. त्याने डिलिरियम वाढतो, माणूस सुटायला धडपडतो, पडतो. दुसरा, ‘सिस्टर, दुधातून ती शांत करणारी गोळी घाला ना.’ डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय हे करू नये. पार्किन्सनच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले तर तो जागच्या जागी आखडू शकतो. आणि दुधात काहीतरी मिसळले जाते हे संशयी रुग्णाच्या लक्षात आले, तर त्याचा संशय खराच ठरतो!

ब्युरोने करायच्या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. पहिल्या फोनवरच तीन प्रश्न जास्त विचारायचे: गेल्या सहा महिन्यांत कुणावर हात उगारला का, दारू किंवा इतर नशा आहे का, घरात हत्यार आहे का. ‘तापट’ असे उत्तर आले तर ‘तापट म्हणजे काय करतात?’ असे विचारायचे. पहिल्या दिवशी घरातले कोणीतरी दिवसभर हजर असावे, ही अट घालायची. रात्री ठरलेल्या वेळी एक फोन, आणि एक सांकेतिक वाक्य. ‘निळी फाइल विसरले’ असे सिस्टर म्हणाली की पलीकडच्याने प्रश्न न विचारता मदत पाठवायची. धोका असलेल्या घरी दोघांना किंवा पुरुष परिचारकाला पाठवायचे. आणि धमकीमुळे ड्यूटी सोडली तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्यायचे, हे करारात लिहायचे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा हिंसेसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो, त्यात परिचारिकाही येतात. मात्र त्याची रचना दवाखाना-रुग्णालय ही संस्था समोर ठेवून केलेली आहे. घरात काम करणारीला अधिक उपयोगी पडतो तो २०१३ चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत राहते घर स्पष्टपणे आहे. कामाच्या ठिकाणी संबंधात येणाऱ्या व्यक्तींपासून सुरक्षितता देणे हे मालकाचे कर्तव्य म्हटले आहे. ब्युरोत दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, साधारण तीन महिन्यांच्या आत. जीवे मारण्याची धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे.

रुग्ण मानसिक आजाराने धोकादायक झाला असेल तर पोलीस ‘आमचे काम नाही’ म्हणू शकत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे ही त्यांची जबाबदारी आहे, आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे.

‘पण रुग्णाची गुप्तता?’ असा आक्षेप नेहमी येतो. त्याच कायद्याचे कलम २३ गुप्ततेचा हक्क देते, आणि दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही देते. ‘तेवढी’ हा शब्द महत्त्वाचा. बाबांचे निदान, त्यांचा घटस्फोट, मुलाशी असलेला वाद हे बदली सिस्टरला कळायची गरज नाही. संध्याकाळी सहानंतर चिडतात, डाव्या बाजूने गेले की हात चालवतात, मागच्या आठवड्यात काठी उगारली, सुरी आता कपाटात कुलुपात आहे, एवढे पुरे. हे निघणाऱ्या सिस्टरने येणारीला स्वतः फोन करून सांगावे आणि इन्शुलिनच्याच वहीत, त्याच पानावर तारीख-वेळ घालून लिहावे.

आणि लघवीच्या संसर्गावर औषध सुरू झाले, सोडियम वर आले, पाचव्या दिवशी बाबा चहा मागून घेऊ लागले आणि ‘त्या दिवशी मी काही बोललो का गं?’ असे विचारू लागले, तर तेही त्याच वहीत लिहावे. नाहीतर एकदा लागलेला ‘मारकुटा’ हा शिक्का पुढे वर्षभर चालतो, चांगली सिस्टर त्या घरी यायला तयार होत नाही, आणि पुढच्या वेळी घरचे फोनवर पुन्हा ‘थोडे तापट’ म्हणूनच सांगतात.